उतरवायचा राहिलेला चेहरा

मी, खाली सही करणारी, वयाने साठीच्या पलीकडे आणि सत्तरीच्या अलीकडे, धंदा नाच आणि नकला, राहणार शिंपीणबाईंच्या दुकानावरची खोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कसलीही नशा न करता करून ठेवत आहे. माझा हात थरथरतो, म्हणून मी सांगते आहे आणि माझी शिष्या लिहिते आहे. मी शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आज कोणता वार ते विचारलं, आकडे उलटे म्हणायला लावले, तळपायाला टाचणी टोचून पाहिली. या अंगात किती जणी शुद्धीवर आहेत हे मात्र त्यांनी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. ते इथे सांगणार आहे.

जन्माच्या वेळी मला एका मुलाचं नाव दिलं होतं. ते नाव घरच्यांनी वापरलं, मी कधीच वापरलं नाही, तेव्हा ते कोरं करकरीत परत करते आहे. रंगपटात आणि बाहेरही मला भिंगरी म्हणतात. या कागदावर तेच नाव धरावं.

कलम एक. ही खोली, तिच्यातली खाट, आरसा, शेगडी, भांडी आणि बँकेत जे काही निघेल ते सगळं माझ्या शिष्येला. बँकेतला आकडा ऐकून तिने हसू नये. खिडकी ओढून लागत नाही, तिला खालून लाथ मारावी लागते. शिष्या माझ्याकडे आली तेव्हा तिला उंच टाचांवर नुसतं उभंही राहता येत नव्हतं. आता ती त्याच टाचांवर पळत जिना उतरते आणि मला म्हातारी म्हणते. (हे ती लिहायला तयार नव्हती. लिही म्हटलं.)

कलम दोन. माझे पोशाख, पंखे, बूट आणि विग रंगपटाला. तांबडा तीन मजली विग एकटीने डोक्यावर चढवू नये, मान जाते. लोकांना माझ्या कामाबद्दल एक गोष्ट कधी कळली नाही, ती इथे सांगून ठेवते. मी घरी, बाजारात, दवाखान्यात बाईच होते. रंगमंचावर मी जास्तीची बाई व्हायची: शाळेची मुख्याध्यापिका, भेदरलेली नववधू, तुरुंगाची वॉर्डन, दोन नवऱ्यांना पुरून उरलेली श्रीमंत विधवा. साध्या कपड्यांत भाजी घेताना लोक विचारायचे, "आज वेष नाही केला?" मी म्हणायची, "हा वेष नाही रे बाबा, ही मीच आहे." त्यांना तोही विनोद वाटायचा आणि ते जुडी घेऊन हसत पुढे जायचे.

माझा गुडघ्याचा पट्टा माझ्या जुन्या जोडीदाराला द्यावा. उचलून फिरवायच्या नाचात त्याने एकदा मला हवेत असतानाच सोडलं, कारण पहिल्या रांगेत त्याला कोणी ओळखीची दिसली. उरलेला नाच मी त्याच गुडघ्यावर पुरा केला. त्याला मी माफ केलं आहे, पण पट्टा त्याने एकदा घालून बघावा अशी माझी इच्छा आहे.

कलम तीन. हे नीट वाचावं, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

मी घर सोडून आले तेव्हा मला मोठीबाईंनी ठेवून घेतलं. पाय कुठे टाकायचा, मान केव्हा वळवायची आणि टाळ्या संपायच्या आधी आत कसं जायचं, हे त्यांनीच शिकवलं. त्यांनी रंगपटाला एक शिस्त घालून दिली होती. चेहरा जिचा तिने चढवायचा, उतरवायचा मात्र दुसरीने. खेळ संपला की आम्ही एकमेकींसमोर स्टुलांवर बसायचो, कापूस तेलात बुडवायचो आणि समोरचीचं तोंड पुसायचो. पुसून झालं की तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायची. तिने ओ दिली की मगच उठायचं. मोठीबाई म्हणायच्या, "आपल्याच हाताने उतरवलेला चेहरा जात नाही गं. कोपऱ्यात बसतो आणि ही घरी केव्हा निघते याची वाट बघतो." मला वाटायचं, आम्ही पोरींनी भांडून, न बोलता घरी जाऊ नये म्हणून केलेली ही युक्ती असावी. असेलही. पण ती शिस्त मी एका घरापायी मोडली.

कलम चार. माझ्या थोरल्या भावाला मी काहीही ठेवत नाही. का, ते सांगते.

लहानपणी मी आईचा फुलाफुलांचा झगा घालून उभी होते आणि वडील आले. त्यांनी मला पट्ट्याने फोडून काढलं. आई त्याच खोलीत स्टोव्हकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. पुढे मी घर सोडलं तेव्हाही मला तिची पाठच दिसली. ती माझ्या बाजूने होती की त्यांच्या, हे मला कधी कळलं नाही. तिला विचारीन विचारीन म्हणत राहिले आणि ती गेली. गेल्याचं मला घरून कोणी कळवलंही नाही, एका प्रेक्षकाकडून कळलं. त्या दिवशी माझा नववधूचा नाच होता आणि तो मी केला.

मग एके दिवशी भाऊ रंगपटाच्या दारात येऊन उभा राहिला. वडिलांना काही आठवेनासं झालं होतं. आई गेली हे त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं, ती आल्याशिवाय जेवणार नाही म्हणून ते ताटापुढे तोंड मिटून बसत.

भाऊ पायाकडे बघत म्हणाला, "तुला येतं ना रे ते, बायकांचं. आईचं येईल?"

"येईल," मी म्हणाले. धंद्याचा गर्व, दुसरं काय!

"मागच्या दाराने ये. आणि कुणाला बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे."

भावाने कपाटातून तोच फुलाफुलांचा झगा काढून दिला. आई डावा पाय जरासा ओढायची. आधी चपलेची टाच फरशीला लागायची आणि मग पाऊल. वडिलांची नजर गेली होती, तरी मी चेहरा पुरा करायची. सुरकुत्या, ओठांच्या कडा, हनुवटीवरचा तीळ, सगळं. अर्धवट काम माझ्या हातून होत नाही. टाचेचा आवाज आला की म्हातारा तोंड उघडायचा आणि मी भरवायची. त्याच हातांनी मला मारलं होतं, ते हात आता मांडीवर गप्प पडलेले असायचे.

एका दुपारी त्यांनी घास गिळून विचारलं, "धाकटा आला का गं?"

"नाही आला."

"मी फार मारलं ना त्याला? तू तरी बोलायचंस काही."

आता आईने यावर काय उत्तर दिलं असतं? मला तिची चाल येत होती, तिचा खोकला येत होता, दुसऱ्याला भरवताना स्वतःचंच तोंड उघडायची तिची लकब येत होती. हे एवढं येत नव्हतं. मी म्हणाले, "पाणी प्या."

त्या घरात मला तोंड धुवायला मिळत नसे. वहिनी म्हणायच्या, टॉवेलला रंग लागतो. म्हणून मी डोक्यावरून रुमाल ओढून, आईच्याच तोंडाने बसने घरी यायची आणि इथे, या आरशासमोर, एकटीच ते पुसायची. भावाची शपथ होती, त्यामुळे रंगपटातल्या कोणाला बोलावता येत नव्हतं. वडील जाईपर्यंत मी हे करत राहिले. ते गेले तेव्हा मला वाटलं, आपण यातून सुटलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खालच्या शिंपीणबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"वर पाहुण्या आल्यात का गं तुझ्याकडे?"

"नाही बाई. का?"

"असं कसं? मघाशी माझा बटणांचा डबा सांडला, त्यांनी एकूण एक बटण वेचून दिलं. बोलत नाहीत का त्या? आणि बाई, सारख्या पाठ करून का उभ्या असतात?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. वर आले, तर स्टँडवरचे सगळे विग भिंतीकडे तोंड करून होते. मी ते फिरवून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे. भर दुपारी, खाली शिलाई मशीन चालू असताना, बोळकांडीत टाच वाजायची, मग पाऊल, आणि माझ्या दाराशी येऊन थांबायची. दार उघडलं की कोणी नसायचं. एकदा मी खेळासाठी चेहरा चढवायला बसले, डबी उघडली, वर पाहिलं, तर आरशात माझी पाठ दिसली. फुलाफुलांचा झगा, मानेशी एक सैल बटण. मी ओरडले नाही. या धंद्यात ओरडायची सवय नसते, पुढचा प्रवेश अडतो. मी आरशाकडे न बघता, सवयीने, बोटांच्या अंदाजाने चेहरा चढवला आणि गेले.

तोच माझा शेवटचा खेळ. नववधूच्या नाचात लोक पोट धरून हसत होते. गिरकी घेताना माझा डावा पाय ओढला गेला, आणि मी प्रेक्षकांकडे पाठ करून थांबले. वळायचं होतं, वळता येईना. मानेवर कोणी हात ठेवला नव्हता, पाय धरले नव्हते, नुसती माझ्यात वळायची हिंमत नव्हती, आणि ती भीती माझी नव्हती. आधी हसू थांबलं. मग वाद्यं थांबली. शेवटी पडदा पाडावा लागला. आयुष्यभर मी एका पायावर गरगर फिरून लोकांना चक्कर आणली, आणि माझा धंदा संपला तो मला एकदा फिरता आलं नाही म्हणून. मला फार रडू आलं.

आता मी आजारी आहे आणि भाऊ पुन्हा यायला लागला आहे. गेल्या खेपेला त्याने वडिलांचा काळा कोट आणून दारामागे अडकवला.

"शेवटी तरी घरच्यासारखा जा," तो म्हणाला. "चार नातेवाईक येतील. मी त्यांना काय सांगू?"

"मेली म्हणून सांग."

"तुला सगळ्याची थट्टाच सुचते."

तो कोट रात्रंदिवस माझ्याकडे बघत असतो. भाऊ वाईट माणूस नाही, पण मी डोळे मिटले की तो मला त्यात कोंबणार, आणि जुन्या नावाने हाका मारून रडणार. एकीकडून तो कोट आणि दुसरीकडून ही पाठमोरी बाई. मी जाईन तेव्हा माझं म्हणून काही जाईल की नाही, एवढीच मला धास्ती आहे.

कलम पाच. म्हणून सांगते. मला कोट घालू नये. तो रंगपटाला द्यावा, वडिलांची भूमिका करणाऱ्या कोणालाही बसेल. माझा श्वास थांबला की शिष्येने स्टूल घेऊन माझ्यासमोर बसावं, कापूस तेलात बुडवावा आणि माझं तोंड पुसावं. कपाळापासून खाली, कानामागेसुद्धा. कापसाला रंग लागलेला दिसला तर घाबरू नये, मी कित्येक महिने काही लावलेलं नाही, तरी लागेल. मग "भिंगरी" अशी हाक मारावी आणि ओ कोण देतं ते लक्ष देऊन ऐकावं. आवाज माझा नसला तर पुन्हा पुसावं. मी ओ दिल्याशिवाय कोणी मला उचलू नये, मग नातेवाईक कितीही खोळंबोत.

कलम सहा. माझे कपडे माझ्या मुलीला. फुलाफुलांचा, निळा, आणि तो चांगला, फारसा न घातलेला, सगळे. ती चोरून घालायची ते मला ठाऊक होतं. चोरून कसलं? कपाटाला कुलूप मीच लावत नव्हते. खुंटी फार वर होती, पोरीचा हात पोचायचा नाही, स्टुलावर चढून पडली असती. म्हणून मी एकदा घरात कोणी नसताना ती उपटली आणि खाली ठोकली. मग पोरगी झगा घालून उभी होती त्या दिवशी हे लवकर घरी आले. मी वळले नाही. वळले असते तर माझं तोंड यांना दिसलं असतं, आणि यांनी मला विचारलं असतं, तुला माहीत होतं का. मला खोटं बोलता येत नाही. मी भ्याले. एवढंच. मग वळायचं राहूनच गेलं.

वरचं कलम मी सांगितलेलं नाही. काल पाचवं कलम सांगून झाल्यावर मला ग्लानी आली. जागी झाले तर शिष्येचा हात कागदावर चालूच होता.

"काय लिहितेस गं?"

"तुम्ही सांगताय तेच की, ताई."

"मी तर झोपले होते."

तिच्या हातातलं पेन थांबलं. "नाही हो. तुम्ही बोलत होतात. आवाज तुमचाच होता. फक्त भिंतीकडे तोंड करून बोलत होतात, म्हणून मला वाकून ऐकावं लागलं."

मी तिला ते वाचून दाखवायला लावलं. ऐकलं आणि पहिल्यांदा मनात आलं, आईची नक्कल चांगली जमली आहे. मी नकलाकार आहे. जे ऐकायचं असतं ते कोणाच्या तोंडी घालायला मला वेळ लागत नाही, आणि मरताना माणसाला गोड ऐकायची हाव सुटते. म्हणून कलम खोडायला सांगणार होते. पण ती खुंटीची गोष्ट मला माहीत नव्हती. लहानपणी एके दिवशी झगा हाताला लागला तेव्हा मला वाटलं होतं, मी उंच झाले. मी भावाला निरोप धाडला की आईच्या कपाटातली खुंटी कुठे आहे ते बघून ये, आणि तिच्या वर काही दिसतं का तेही बघ.

आज तो आला तेव्हा जिना चढून धापा टाकत होता आणि त्याच्या हातात एक पिशवी होती.

"खुंटी खाली आहे," तो म्हणाला. "माझ्या कमरेशी. एवढी वर्षं कपडे काढतोय, कधी लक्षात नाही आलं. आणि वर जुनं भोक आहे. पुठ्ठ्याची गुंडाळी कोंबून बुजवलंय, वरून रंग दिलाय. तुला कुणी सांगितलं?"

शिष्येने त्याला सहावं कलम वाचून दाखवलं. त्याने ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलली का?"

नाही, असं मी त्याला खरं ते सांगितलं. तो खाटेच्या कडेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने उठून दारामागचा कोट काढला, घडी घातली, आणि पिशवी माझ्या पायाशी ठेवली. पिशवीत फुलाफुलांचा झगा होता.

कलम सात. पाचवं कलम रद्द समजू नये. तोंड पुसायचंच. आईने मला कपडे दिले आहेत, चेहरा दिलेला नाही, तो मीच कमावला आहे, आणि जाताना मला तोच हवा. मात्र पुसणारीने हात हलका ठेवावा. उतरतो आहे तो माझ्या आईचा चेहरा आहे, आणि ती भित्री आहे. अंगावर फुलाफुलांचा झगा घालावा, मानेजवळचं सैल बटण शिंपीणबाईंनी पक्कं करून द्यावं. मला पुढच्या दाराने न्यावं. कोणी नातेवाईक बोललाच, तर त्याला सांगावं की हे कपडे हिने उचललेले नाहीत, हिला आईकडून मिळाले आहेत, आणि त्याच्यासमोर सहावं कलम वाचावं.

ज्याला या कागदाने काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, त्यामुळे शिष्येची चालणार नाही. भावाला मी काहीच दिलेलं नाही, म्हणून त्याची चालते. आज खोलीत मी, शिष्या, शिंपीणबाई आणि भाऊ असे हजर आहोत. साक्षीच्या ओळी ज्याच्या त्याने आपल्या शब्दांत लिहाव्या, मी काही सांगणार नाही.

स्थळ: शिंपीणबाईंच्या दुकानावरची खोली, खिडकी उघडी.
दिनांक: आजचाच, थिएटरला सुट्टी असते तो वार, दुपार.

लिहून देणारी: भिंगरी (सही माझ्याच हाताची आहे, वाकडी असली तरी)

साक्षीदार पहिली: शिंपीणबाई, खालचं दुकान. लिहून देणारीने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. त्या वेळी खोलीत आम्ही पाच माणसं होतो. पाचव्या बाईंचं नाव मला माहीत नाही. खिडकीशी उभ्या होत्या, आज आमच्याकडे तोंड करून. तोंडावळा लिहून देणारीसारखाच आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: थोरला. वरील सर्व मी ऐकलं आहे आणि माझी हरकत नाही. लिहून देणारी व्यक्ती माझी कोण लागते: (एक शब्द खोडलेला) धाकटी बहीण. खाडाखोड माझ्याच हातची आहे, म्हणून तिच्याखाली पुन्हा सही केली आहे. (सही) (सही)